लूम थांबवून मालक बोलले ते कायद्यात बसतं का?

वाचकांचे प्रश्न, अक्कांची उत्तरं

या महिन्यात तीन पत्रं युनियन या एकाच विषयावर आली, म्हणून पीएफ आणि ग्रॅच्युइटीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं आपण छापत नाही. या विषयात तर मुळीच नाही.

*

अक्का, मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ वर्षं लूम चालवतो. शेड एक, लूम ४८, पण कागदावर कंपन्या तीन. दोन्ही पाळ्या धरून आम्ही चाळीसेक जण. आम्ही नऊ जणांनी युनियनच्या ऑफिसात जाऊन सह्या केल्या. चौथ्या दिवशी मालकांनी सगळे लूम थांबवायला लावले. आमच्याकडं जेवणाच्या वेळीसुद्धा लूम थांबत नाहीत, शेजारचा बघतो. त्या दिवशी एवढं शांत झालं की पत्र्यावर कबुतर चाललेलं ऐकू आलं. मालक म्हणाले, "तुम्हाला घरच्यासारखं ठेवलं. युनियन आत आली की लूम भंगारात घालतो आणि शेड गोडाऊनला भाड्यानं देतो." दुसऱ्या दिवशी नऊपैकी तिघांची मजुरी वाढवली. मला आणि जॉबरला (लूमची दुरुस्ती बघणाऱ्याला) ऑफिसात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली. माझ्याकडं ३० हजार उचल आहे, ती एकदम भर म्हणाले. मुकादम घरी येऊन बायकोला सांगून गेला की तुझ्या नवऱ्याचं नाव सगळीकडं फिरवलंय, आता त्याला कुणी लूम देणार नाही. नऊचे आता पाच राहिलो. हे कायद्यात बसतं का? आम्हीच चुकलो का? काय करू ओ अक्का?

— एक यंत्रमाग कामगार, नीलम नगर

भाऊ, तुम्ही चुकला नाहीत. तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मन या एकाच ठिकाणी अडकलंय हे दिसतंय, म्हणून त्याचं उत्तर आधी दिलं. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये लिहिलेला आहे. तो मालकाकडून मागून घ्यायचा नसतो.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि माझी आई आठवली. ती विडी वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका हाताला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायचं काम माझ्याकडं होतं. मी चौथीत होते. आईनं युनियनची पावती फाडली होती आणि ती तंबाखूच्या डब्याच्या तळाशी कागदाखाली ठेवली होती, कारण घरात लपवायला दुसरी जागा नव्हती. तरी विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये कळलं. त्या शनिवारी तिनं खिडकीतून विड्या आत दिल्या, तपासणाऱ्यानं निम्म्या कट्ट्या छाट म्हणून बाजूला सारल्या आणि तिचं पुस्तक, ज्यावर कामाची नोंद व्हायची, ते परत दिलं नाही. पान-तंबाखू बंद. तिला कुणी 'काढलं' म्हणालं नाही. पुढच्या आठवड्यात या, एवढंच सांगितलं आणि असे तीन आठवडे काढले. मग आमच्या गल्लीतल्या बायकांनी काय केलं सांगते. प्रत्येकीनं आपल्या पुस्तकावर मिळालेल्या पानातली आणि तंबाखूतली थोडी थोडी आईच्या सुपात आणून टाकली. आई वळायची, विड्या त्यांच्या पुस्तकावर जायच्या, मजुरी आईला यायची. चौथ्या शनिवारी अकरा बायका एकत्र खिडकीशी उभ्या राहिल्या आणि तिचं पुस्तक मिळेपर्यंत आपल्या विड्या कुणी आत दिल्या नाहीत. पुस्तक मिळालं. त्या सुपाची कड अजून माझ्या डोळ्यापुढं आहे, सुतळीनं शिवलेली.

पुढं मी कामगार संघटनेच्या ऑफिसात ३१ वर्षं अर्ज लिहिले. तेव्हा कळलं की आईला जे सोसावं लागलं ते एका तपासनिसाच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ती रीत आहे. तुमच्या मालकांनी आठवडाभरात जे केलं ते त्याच रीतीचं आहे, आणि कायदा करणाऱ्यांना ती इतकी ठाऊक होती की त्यांनी ती जवळजवळ शब्दाला शब्द लिहून ठेवलीय. महाराष्ट्रात १९७१ साली अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मालकानं काय करायचं नाही ते दिलंय. युनियनमध्ये गेलात तर कामावरून काढीन अशी धमकी देणं. युनियन झाली तर कारखाना बंद करीन असं सांगणं. युनियन उभी राहत असताना नेमकी तेव्हाच मजुरी वाढवून तिच्यातली हवा काढणं. स्वतःच्या पसंतीची युनियन उभी करणं. भंगाराची धमकी आणि तिघांची वाढ, दोन्ही तुमच्या शेडमधलीच वाटतात ना? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात गेले. तिच्याही दुसऱ्या अनुसूचीत हेच प्रकार आहेत आणि त्यासाठी दंड १० हजारांपासून २ लाखांपर्यंत आहे. अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा ते वकील बघतील. जे घडलं ते बेकायदा आहे एवढं तुम्ही मनात पक्कं धरा.

आता कोरा कागद. भाऊ, याला एक दिवससुद्धा उशीर करू नका. तो कागद उद्या राजीनामा होऊ शकतो, किंवा 'हिशेब पूर्ण मिळाला' अशी पावती. आजच साध्या कागदावर लिहा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक माणसासमोर माझी सही कोऱ्या कागदावर घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, मी रोज कामावर येतो आहे. जॉबरनं स्वतःचं वेगळं पत्र लिहावं. एक प्रत मालकाला आणि एक सहायक कामगार आयुक्तांना, दोन्ही स्पीड पोस्टानं. पोस्टाची पावती कारखान्यात घेऊन जाऊ नका. पाळीवर रोज वेळेवर जा. गेटवर अडवलं तर तिथूनच तारीख-वेळ लिहून आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. 'काम सोडून गेला' हे वाक्य मी शंभर तरी कागदांवर वाचलंय आणि बहुतेक वेळा तो माणूस गेटबाहेर उभा असायचा. १९७१ च्या कायद्यातली तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे, तीच डोळ्यापुढं ठेवून चाला.

उचलीचं म्हणाल तर घेतलेले पैसे देणं आहे, ते नाकारू नका. हप्ते ठरवून मागा. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडं काम करायचं नाही असं कुणी म्हणत असेल, तर १९७६ चा वेठबिगार प्रतिबंधक कायदा तिथं आड येऊ शकतो. हे मालकालाही सांगा, शांतपणे, आणि एकट्यानं नको.

एका शेडवर तीन कंपन्यांच्या पाट्या, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरी मेख तीच आहे. माणसं तीन ठिकाणी विभागली की प्रत्येक कंपनी लहान दिसते. वीस किंवा जास्त माणसं असली की लागणारा पीएफ कायदा लागत नाही, आणि युनियनही त्या तुकड्यांत अडकते. कोर्ट पाटी बघून थांबत नाही. मालकी एक आहे का, कारभार एक आहे का, एकाचं काम थांबलं तर दुसऱ्याचं चालेल का, हे बघतं. तेव्हा तुमच्या आसपास बघून ठेवा. मुकादम एकच आहे का? ताण्याच्या सुताचे बीम कुठून येतात? कांडीवाल्या बाया तिन्ही 'कंपन्यां'ना कांडी भरून देतात का? पगाराच्या पाकिटावर कुणाचं अक्षर आहे? टेम्पो एकच का? यातलं एकेक पुढं फार उपयोगाला येतं.

आणि नऊचे पाच झालात त्याचं. वाढ घेतलेल्या तिघांवर रागावू नका. कुणाच्या घरी दवाखाना असेल, कुणाच्या मुलीचं लग्न. मजुरी वाढली ती तुमच्या सह्यांमुळं, हे त्यांना प्रेमानं आठवण करून द्या. नव्या युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायला सात माणसं पुरतात, पण नोंदणी व्हायला आणि पुढं युनियन टिकायला कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातल्या लहान आकड्याएवढे सभासद लागतात. तुम्ही आधीच नोंदलेल्या युनियनकडं गेलात, म्हणजे नोंदणीची काळजी नाही. मालकाशी एकट्यानं बोलणी करायचा मान मात्र नव्या संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला आहे. म्हणजे चाळिसात एकवीस. अजून सोळा माणसं मिळवायची आहेत. रात्रपाळीपासून सुरुवात करा, तिथं मुकादम झोपतो.

एक गोष्ट तुमच्या बायकोसाठी. मुकादम तुमच्याकडं न येता त्यांच्याकडं गेला, कारण घर हललं की माणूस हलतो हे त्याला माहीत आहे. त्यांना घेऊनच युनियनच्या ऑफिसात जा. खुर्चीवर बसवा, प्रश्न विचारू द्या. माझ्या आईला कुणी बसवलं नव्हतं. ती ऐन पावसात ऑफिसच्या दारात उभी राहून ऐकायची.

*

आपल्या सदरात नेहमी कामगारांचीच बाजू असते. माझे १६ लूम आहेत, वडील स्वतः मागावर बसायचे. सुताचा भाव आठवड्याला बदलतो, विजेचं बिल भरताना घाम फुटतो, पानिपतची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते. माझे कामगार माझ्या ओळखीचे आहेत, अडचणीला मीच धावतो. मधे बाहेरचा नेता कशाला? मुंबईच्या गिरण्या युनियननं घालवल्या, सोलापूरच्याही. तुम्हाला परत तेच पाहिजे का?

— एक कारखानदार, साखर पेठ

दादा, तुमचं पत्र मनापासून आलेलं आहे. उत्तरही मनापासून देते.

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी नक्कल थांबत नाही. सुताच्या भावावर तुमचा ताबा नाही. पण या सगळ्याचा भार शेवटी कुणावर येऊन थांबतो? भाव पडला की मजुरी तशीच राहते आणि पाळी बारा तासांची होते. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे, कामगाराला 'नाही' म्हणायची सोय नाही म्हणून. ती सोय म्हणजे युनियन.

विजेच्या दराबद्दल तुम्ही एकटे मंत्र्यांकडं जाता का? कारखानदारांची संघटना जाते, तिच्यात सीए असतो, वकील असतो. जायलाच पाहिजे. मग तुमच्या चार कामगारांनी, ज्यांना पीएफचा फॉर्म वाचता येत नाही, वाचता येणारा माणूस बरोबर आणला तर त्याला बाहेरचा का म्हणायचं? कायद्यानंही त्याला जागा ठेवलीय. पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, यातले कमी असतील तेवढे बाहेरचे चालतात. आणि ही जागा का ठेवावी लागली त्याचा इतिहास आहे. १९१८ साली मद्रासला बी. पी. वाडिया यांनी गिरणी कामगारांची युनियन काढली. वाडिया स्वतः गिरणीत कामाला नव्हते. बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिल चालवणाऱ्या कंपनीनं त्यांच्यावर दावा लावला आणि हायकोर्टानं त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र यायला सांगणं हाच गुन्हा ठरत होता. तेव्हा कामगार नेते ना. म. जोशींनी १९२१ साली कायदेमंडळात ठराव मांडला आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. युनियनला संरक्षण मिळालं ते एका मालकानं केलेल्या दाव्यामुळं.

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रोज आपण वळतो. त्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरलेले होते. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. या गावात स्वातंत्र्य आणि गिरणीचा भोंगा वेगळे नव्हते, दादा. तुमचे आजोबा असतील तर त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता मुंबईचा संप. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांची हानी झाली, घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, हे मी कधी लपवणार नाही. पण तो कशातून पेटला? मजुरी होतीच, त्याबरोबर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. त्या कायद्याखाली एकाच युनियनला बोलायचा अधिकार, आणि ती युनियन कामगारांना आपली वाटत नव्हती. त्यांनी निवडलेल्या माणसाशी, डॉक्टर दत्ता सामंतांशी, कुणी टेबलाशी बसायला तयार नव्हतं. वर्षानुवर्षं माणसाचा आवाज त्याच्या पसंतीच्या तोंडून निघू दिला नाही तर तो एकदम फुटतो. गिरण्यांत जुनी यंत्रं तशीच ठेवली, पैसा दुसरीकडं गेला, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि गिरणीतलं विणकाम यंत्रमागाच्या शेडमध्ये आलं, जिथं मजुरी कमी आणि युनियन नाही. तुमच्या-माझ्या गल्लीतली खटखट त्यातूनच वाढली. हे बाजूला ठेवून सगळा दोष संपावर घालणं त्या कामगारांवर अन्याय आहे.

वाईट युनियन असते का? असते. वर्गणी घेऊन पावती न देणारे, सणासुदीला मालकाकडून पाकीट घेणारे मी बघितलेत, आणि १९७१ च्याच कायद्यात युनियननं काय करायचं नाही त्याचीही यादी आहे. तशा माणसाला तुमच्या कामगारांनी काढावं, तुम्ही नाही.

तुम्ही अडचणीला धावता म्हणता, ते मला पटतं. एकदा त्यांच्याकडून लिहून घ्या की तुम्हाला काय पाहिजे, चौघांनी मिळून, तुम्ही खोलीत नसताना. आणि सुताच्या बिलाची वही त्यांच्यापुढं उघडी करा. बोलणी म्हणजे एवढंच.

*

अक्का, मी जुळे सोलापूरची, पुण्यात हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टचं काम करते. नाईट शिफ्टची कॅब बंद केली म्हणून आम्ही व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. टीम लीडरनं एकेकाला बोलावून ग्रुप सोडायला लावला. मग एचआरनं सगळ्यांना बसवून दीड तास सांगितलं की आपण एक कुटुंब आहोत, मधे तिसरा कशाला, आणि आयटीला युनियन लागूच नाही. हे खरं आहे का? माझी आई विडी वळायची, ती म्हणते, गप्प बस, नोकरी जाईल.

— एक वाचक, पुणे

पोरी, आयटीला युनियन लागू नाही हे खोटं आहे. शेजारी कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांची युनियन २०१७ पासून आहे. एचआर किंवा वरिष्ठ अधिकारी असतील तर गोष्ट वेगळी, पण तिथंही पदाचं नाव बघत नाहीत, हातातलं काम बघतात. 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलं म्हणून फोन उचलणारी मुलगी मालक होत नाही.

तो दीड तासांचा वर्ग मात्र समजून घे. अमेरिकेत हा चांगला भक्कम धंदा आहे. १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामगारांवर पिंकर्टन या खासगी एजन्सीची बंदूकधारी माणसं घातली, गोळीबारात माणसं मेली. १९३५ च्या कायद्यानं युनियनच्या हक्काला संरक्षण दिल्यावर हळूहळू बंदूक गेली आणि सल्लागार आले. फी घेऊन ते कंपनीला शिकवतात की कामगारांना कामाच्या वेळात एकत्र बसवा, कुटुंब म्हणा, युनियनला 'तिसरा' म्हणा. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या अॅमेझॉनच्या गोदामात असे वर्ग झाले, तरी २०२२ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी मतदानात युनियन जिंकली. कामावरून काढलेल्या एका माणसानं बसस्टॉपपाशी उभं राहून ती बांधली होती. तुझ्या एचआरनं तुला ऐकवलेली वाक्यं तिकडून आलीत.

नव्या संहितेत तुझ्यासाठी एक धोका आहे, तो लक्षात ठेव. निम्म्या लोकांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तो संप धरतात, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. कॅबसाठी रागाच्या भरात सगळ्यांनी एकदम रजा टाकू नका. कॅबचा अर्ज लेखी द्या, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि सह्या गोल करा म्हणजे पहिली कुणाची ते कळणार नाही. ग्रुप कंपनीच्या फोनवर ठेवू नका. कुणाला केबिनमध्ये बोलावलं तर बाहेर आल्यावर लगेच तारीख, वेळ आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा.

आईची भीती खोटी नाही, तिनं पुस्तक अडवलेलं बघितलं असेल. पुढच्या वेळी सोलापूरला आलीस की तिला विचार, पुस्तक अडवल्यावर गल्लीतल्या बायकांनी काय केलं होतं. अर्ज करायला सात नावं पुरतात, तुझं धरून; नोंदणीला मात्र वर सांगितलेला दहा टक्के किंवा शंभरचा आकडा लागतो. बाकीची सहा मिळाली की मला कळव, अर्जाचा नमुना पाठवते.